रहाबींच्या टोपलीतले मासे



दावीद रहाबींची गोष्ट आपल्यातल्या प्रत्येकाने लहानपणी ऐकलेली आहे. कोकणात तेल गाळणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे हे शनवार तेली खरोखर यहुदी आहेत का, हे रहाबींना पाहायचं होतं. त्यांनी घरातल्या बायकांना मासे दिले आणि रांधायला सांगितलं. बायकांनी पर आणि खवले असलेले मासे एका बाजूला काढले, उरलेले बाजूला सारले आणि म्हणाल्या, हे आम्ही खात नाही. रहाबींची खात्री पटली. मग त्यांनी झिराडकर, शापुरकर आणि राजपुरकर घराण्यांतले तिघे निवडून त्यांना शिकवलं. आपले काजी तिथून सुरू झाले असं आपण मानतो.

रहाबी नेमके कधी आले यावर दोन मतं आहेत. परंपरा त्यांना फार जुन्या काळात नेते. इतिहासकारांचा कल अठराव्या शतकातल्या कोचीनच्या दावीद यहेज्केल रहाबींकडे (१६९४ ते १७७१) आहे. हाईम शमुवेल केहिमकरांचा आपला इतिहास १८९७ साली लिहून झाला आणि १९३७ साली तेल अवीवला छापला गेला. तेव्हापासून ही चर्चा चालूच आहे. मी आज त्यात शिरत नाही. मला टोपलीबद्दल बोलायचं आहे. त्या टोपलीत कोणकोणते मासे असतील? आणि बायकांनी जी रेघ ओढली, ती माशांच्या शास्त्रात कुठे बसते?

मी नर्स होते, प्राणिशास्त्रज्ञ नाही. पण मुंबईला जनरल नर्सिंगच्या डिप्लोमाला शरीररचना शिकले तेव्हापासून हा विषय डोक्यात घोळतोय. निवृत्त झाल्यावर वाचायला वेळ मिळाला.

आमचं घर रेवदंड्याचं. बंदरावर कोळणी टोपल्या उतरवायच्या तेव्हा त्यांत काय नसायचं! जिताडा, रावस, घोळ, पापलेट, हलवा, सुरमई, बांगडा, बोय. त्यांच्याच शेजारी मुशी, पाकट, शिंगाळा, वाम, वाकटी. रहाबींच्या टोपलीतही हीच मंडळी असणार, कारण किनारा तोच आहे. कोळंबी आणि चिंबोऱ्यांचा प्रश्नच नव्हता, ते मासेच नव्हेत.

आजी सुरीची बोथट बाजू शेपटीकडून डोक्याकडे फिरवायची. खवले उडून पाटावर पडले की मासा आमचा. शिंगाळ्याला पर आहेत, मिशा आहेत, काटा तर असा की कोळ्यांनाही ताप आणतो, पण अंग नुसतं बुळबुळीत. वाकटी चांदीच्या पट्ट्यासारखी चमकते, पण ती चमक कातडीची आहे, खवला एकही नाही. लेवीयच्या अकराव्या अध्यायात दोन खुणा सांगितल्या आहेत, स्नपीर म्हणजे पर आणि कस्केसेत म्हणजे खवला. मिश्नात त्यावर एक वाक्य आहे, त्याचा अर्थ असा की ज्याला खवला आहे त्याला पर असतोच, पण पर असला म्हणजे खवला असेलच असं नाही. शिंगाळा पाहिलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

बोंबलावरून मात्र घराघरांत भांडण. आमच्याकडे बोंबील चालायचा, आत्याच्या सासरी नाही. त्यांचं म्हणणं, याला खवले कुठे आहेत? शास्त्र पाहिलं तर बोंबलाच्या अंगाच्या मागच्या अर्ध्या भागावर अगदी पातळ, हात लागताच गळून पडणारे खवले असतात. पुढचा भाग उघडा. म्हणजे दोन्ही घरं आपापल्या जागी बरोबर होती, बघत होती तो भाग वेगळा होता. सुरमईचे खवलेही बारीक, जाळ्यातच झडतात. पाण्याबाहेर येताना खवले टाकणारा मासा चालतो, हे तालमुदात आधीच लिहून ठेवलं आहे. हलाखाचा निवाडा देणं माझं काम नाही, ते आपापल्या रब्बींना विचारा.

आता मुशी. शाळेत असताना मी एकदा कोळणीच्या टोपलीतल्या मुशीवर हात फिरवला. डोक्याकडून शेपटीकडे नेला तर गुळगुळीत, उलटा फिरवला तर सुताराच्या पॉलिश पेपरसारखा खरखरीत. मी आजीला म्हटलं, “अगं, हिला खवले आहेत की!” आजी म्हणाली, “ते निघतात का बघ.” निघत नव्हते.

पुष्कळ वर्षांनी मी वाचलं की तेराव्या शतकातल्या रब्बी मोशे बेन नहमान यांनी नेमकं हेच लिहिलं आहे. कातडी न फाटता हाताने किंवा सुरीने जो सुटतो तोच कस्केसेत, कातडीला चिकटून राहतो तो नव्हे. आजीने हे नाव कधी ऐकलं नव्हतं. तिला सुरी माहीत होती.

मुशीच्या अंगावरचे ते कण खवले आहेतही आणि नाहीतही. सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्येक कण म्हणजे एक छोटा दात आहे. आत गर, त्यावर आपल्या दातात असतं तसं डेंटिन, वर इनॅमलसारखा कठीण थर. जबड्यातले दात आणि अंगावरचे दात एकाच घडणीचे. मुशी आणि पाकट यांचा वर्ग कास्थिमत्स्यांचा. यांच्या अंगात खरं हाड नाही, सगळा सांगाडा कूर्चेचा, आपल्या बाहेरच्या कानात आणि नाकाच्या शेंड्यात असते तशी. कल्ल्यांवर झाकण नाही. मुशीच्या मानेच्या बाजूला पाच उघड्या चिरा दिसतात, पाकटाच्या त्या पोटाकडे असतात. अंगात हवेची पिशवी नाही, म्हणून तरंगायला मदत होते ती तेलाने भरलेल्या मोठ्या यकृताची. रक्तात युरिया साठवून ठेवतात, समुद्राच्या खारेपणाशी बरोबरी राखायला. मुशी शिळी झाली की अमोनियाचा दर्प येतो तो त्याच युरियाचा. ज्यांच्या घरी मुशी शिजते त्या बायका ती इतकी धुऊन का घेतात, हे मला किडनीच्या वॉर्डात ब्लड युरियाचे रिपोर्ट लावताना उमगलं.

शेजारच्या कोळ्यांकडे बाळंतिणीला मुशी खायला घालायचे, दूध येतं म्हणून. आमच्याकडे बाळंतिणीला हलव्याचं कालवण. पण मुशीचं आणि बाळंतपणाचं नातं खरंच आहे, वेगळ्या अर्थाने. आपल्या किनाऱ्यावरची लहान, चपट्या नाकाची मुशी अंडी घालत नाही. तिच्या पोटात पिल्लाला नाळ असते, वारही असते. माशांमध्ये या बाबतीत ती सगळ्यांत पुढे गेलेली समजतात. मुशीच्या काही जाती पिल्लांना जन्म देतात आणि एका जातीत पिल्लू गर्भाशयाला नाळेने जोडलेलं असतं, हे अ‍ॅरिस्टॉटलने तेवीसशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलं होतं. कूर्चेच्या माशांची वेगळी जातही त्यानेच काढली. त्याच्या नाळेच्या गोष्टीवर लोकांचा फारसा विश्वास बसला नाही. १८४२ साली योहानेस म्युलर या बर्लिनच्या प्राध्यापकाने ती तपासून खरी ठरवली. याच म्युलरने हेन्ले या सहकाऱ्याबरोबर १८३८ मध्ये आपल्या मुशीला शास्त्रातलं नाव दिलं होतं, स्कॉलिओडॉन लॅटिकॉडस. म्युलर पुढे पुन्हा येणार आहे, लक्षात ठेवा.

त्याच्याआधी बर्लिनमधलाच एक माणूस भेटायला हवा, कारण तो आपल्यातला होता. मार्कुस एलिएझर ब्लोख, जन्म १७२३, जर्मनीतल्या आन्सबाख गावचा, गरीब यहुदी घरातला. लहानपणी शिकला ते हिब्रू आणि धर्मग्रंथ. जर्मन वाचता येऊ लागलं तेव्हा एकोणीस-वीस वर्षांचा होता. हॅम्बुर्गला एका यहुदी शल्यवैद्याच्या घरी शिकवणी करता करता तो जर्मन, लॅटिन आणि शरीरशास्त्र शिकला, पुढे नातेवाइकांच्या मदतीने डॉक्टर झाला आणि बर्लिनला दवाखाना घातला. माशांवरच्या त्याच्या मोठ्या ग्रंथाचा पहिला खंड १७८२ मध्ये निघाला तेव्हा त्याला साठावं लागायला आलं होतं. निवृत्तीनंतर काय करायचं असं विचारणाऱ्यांना मी हे सांगत असते. १७९५ पर्यंत बारा खंड झाले, हाताने रंगवलेली ४३२ चित्रं. माशांची चकाकी दाखवायला सोन्याचांदीचा रंग वापरलेला. परदेशी मासे त्याला जहाजांवरून येत. तामिळ किनाऱ्यावर तरंगंबाडीची डॅनिश वसाहत होती, तिथल्या एका मिशनऱ्यानेही त्याला पाठवले. त्याने जमवलेले पुष्कळ नमुने आजही बर्लिनच्या निसर्गसंग्रहालयात आहेत.

आणि आता अलिबागकरांनो, ऐका. आपला जिताडा, ज्याच्यासाठी जावई सासुरवाडीला एक दिवस जास्त राहतो, त्याचं शास्त्रीय नाव लेटस कॅल्कॅरिफर. हे दुसरं नाव ब्लोखने १७९० साली दिलं. हलवासुद्धा त्याचाच, १७९५ सालचा. माशाच्या नावापुढे नाव देणाऱ्याचं नाव लिहायची पद्धत आहे, म्हणून जगातल्या प्रत्येक मत्स्यसूचीत जिताड्याच्या आणि हलव्याच्या पुढे ब्लोख लिहिलेलं असतं. ते कंसात असतं, कारण गण नंतर बदलला. नवगावच्या किनाऱ्यावर आपले पूर्वज लागले म्हणतात, त्याच समुद्रातल्या दोन आवडत्या माशांवर बर्लिनच्या एका यहुदी डॉक्टरचं नाव आहे, आणि आपल्यातल्या किती जणांना हे ठाऊक आहे?

ब्लोख १७९९ मध्ये वारला. त्याची सगळ्या माशांची यादी श्नायडर नावाच्या विद्वानाने १८०१ मध्ये पुरी करून छापली. दीड हजाराच्या वर जाती त्यात होत्या. आणि त्या कशा लावल्या होत्या? परांची संख्या मोजून! अकरा पर असलेले एका वर्गात, दहावाले पुढच्यात, असं खाली खाली बिनपराच्यांपर्यंत. मोजायला सोपं, पण नात्याने जवळचे मासे लांब फेकले गेले आणि ज्यांचं काही नातं नाही ते शेजारी बसले. ही पद्धत टिकली नाही.

पर झाले, आता खवले. स्वित्झर्लंडचा लुई अगासी दगडांत सापडणाऱ्या माशांचा अभ्यास करत होता. दगडात मांस राहत नाही, खवले राहतात. म्हणून १८३३ ते १८४३ या दहा वर्षांत काढलेल्या खंडांत त्याने सगळ्या माशांचे खवल्यांवरून चार गट केले. मुशीचे दातासारखे. स्टर्जनसारख्यांचे जाड, हाडाळ, चकचकीत. बांगड्याचे आणि तारलीचे गोल, गुळगुळीत काठाचे. जिताड्याचे कडेला कंगव्यासारखे बारीक काटे असलेले. शेवटच्या दोन जातींचे खवले एकमेकांवर कौलांसारखे रचलेले असतात, म्हणून सुरीने सुटतात. हे वाचून मी पुस्तक मिटून बसले होते. रब्बी मोशे बेन नहमान यांनी ओढलेली रेघ आणि अगासीच्या पहिल्या दोन व शेवटच्या दोन गटांमधली रेघ जवळजवळ एकावर एक बसते.

मधला स्टर्जन मात्र रब्बींनाही छळत होता. त्याच्या अंगावर हाडांच्या ढालींच्या पाच रांगा असतात, ओढल्या तर कातडी येते. ब्लोख बर्लिनमध्ये चित्रं रंगवून घेत होता त्याच काळात प्राग आणि हंगेरीकडच्या रब्बींत स्टर्जनच्या जातीवरून जोरदार वाद पेटला होता. शेवटी बहुतेकांनी तो नाकारला. इथे इस्राएलमध्ये उत्तरेला किबुत्झ दानमध्ये स्टर्जन पाळतात, त्याची अंडी परदेशी जातात.

अगासीची मांडणीही कोसळली. चपट्या माशांच्या काही जातींत नराचे खवले कंगव्याचे आणि मादीचे गुळगुळीत निघाले. मग काय, नवरा एका गटात आणि बायको दुसऱ्या? खवला हा माशाचा अंगरखा आहे. दोन परके सारखा अंगरखा घालू शकतात आणि दोन भाऊ वेगळा. अगासी पुढे अमेरिकेला गेला आणि तिथे त्याने माणसांचीही अशीच विभागणी मांडली. काळे आणि गोरे मुळातच निरनिराळे निर्माण झाले, असं तो सांगत राहिला. गुलाम बाळगणाऱ्यांना ते फार आवडलं. इतका मोठा शास्त्रज्ञ, पण कातडीपाशी दोनदा फसला.

इथे म्युलर पुन्हा येतो. १८४४ मध्ये त्याने मासे उघडून हृदय पाहिलं. माशाच्या हृदयातून रक्त बाहेर पडतं तिथे मुशीत आणि स्टर्जनमध्ये एक स्नायूंचा नळीसारखा भाग असतो, त्यात झडपांच्या अनेक ओळी. बांगडा, रावस, जिताडा यांच्यात त्या जागी दोनच झडपा उरतात. मग त्याने माशांचे सहा गट केले आणि ते थोड्याफार फरकाने आजच्या पुस्तकांपर्यंत पोचले. नर्सला हे पटायला वेळ लागत नाही. रोगी दारातून आत आला की कपड्यांवरून काही कळत नाही, स्टेथोस्कोप लावावा लागतो.

म्युलरचे मासे वरून खाली बघितले तर सगळ्यांत मोठी जमात हाडांच्या माशांची, अस्थिमत्स्यांची. आपल्या टोपलीतली चांगली मंडळी सगळी यातली, शिवाय शिंगाळा, वाम आणि वाकटीही यातलीच. खवला नसला तरी ती मुशीची भावंडं नव्हेत. खूण काय? सांगाडा हाडाचा, कल्ल्यांवर एकच झाकण (आजी ताजेपणा पाहायला तेच उचलायची), आणि बहुतेकांच्या पोटात हवेची पिशवी. घोळीची पिशवी सोन्याच्या भावाने विकली जाते ती हीच. यांचे पर पंख्यासारखे, बारीक काड्यांवर ताणलेले. दुसरी एक छोटी शाखा आहे, तिच्या परांच्या बुडाशी मांसल देठ असतो, त्यात हाडं असतात. आपल्या दंडाचं हाड तिथून आलं. फुफ्फुसमासे यातले. आणि १९३८ च्या डिसेंबरात दक्षिण आफ्रिकेच्या ईस्ट लंडन बंदरात मार्जोरी कोर्टनी-लॅटिमर या संग्रहालयातल्या तरुणीने एका ट्रॉलरच्या माशांच्या ढिगातून जो निळा मासा ओळखून काढला, तो सीलाकँथही. कोट्यवधी वर्षांपूर्वी संपला असं समजलेला मासा होता तो.

मुशीच्या खालच्या पायरीवर जबडाच नाही. तोंड गोल, म्हणून शाळेच्या पुस्तकात यांना चक्रमुखी म्हणतात. लॅम्प्रे दुसऱ्या माशाला जळवेसारखा चिकटतो, त्याच्या मानेवर दोन्ही बाजूंना सात-सात भोकं. हॅगफिश समुद्रतळावर मेलेले मासे आतून पोखरतो आणि पकडलं की बादलीभर चिकट बुळबुळ सोडतो. दोघांना खवला नाही, जोडीचे पर नाहीत. हॅगफिश तर लिनेअसने १७५८ मध्ये चक्क कृमींत घातला होता. कुणाला दोष देणार? दिसतोच तसा.

त्याच्याही खाली गेलं की माशाचं रूपच संपतं. १७७४ मध्ये पालास नावाच्या शास्त्रज्ञाकडे इंग्लंडच्या कॉर्नवॉल किनाऱ्यावरून एक बोटभर, पारदर्शक, दोन्ही टोकांना निमुळता जीव आला. त्याने त्याला गोगलगायीचा नातलग समजून नाव दिलं. साठ वर्षांनी, १८३४ मध्ये, नेपल्सच्या कोस्टाने ओळखलं की हा माशांच्या बाजूचा आहे. तोच अँफिऑक्सस. याला डोकं म्हणावं असं डोकं नाही, कवटी नाही, मणका नाही, खवला नाही. पण पाठीतून एक लवचीक दोरी जाते, पृष्ठरज्जू. तिच्या वर मज्जातंतूची पोकळ नळी. घशात चिरा. गुदद्वाराच्या मागे शेपूट. या चार खुणा ज्याच्यात आयुष्यात कधीतरी दिसतात तो आपल्या संघातला.

कधीतरी हा शब्द महत्त्वाचा आहे, कारण सगळ्यांत नवल त्याचंच. बंदराच्या खांबांना आणि बोटींच्या दोरांना रबरी पिशव्यांसारखे जीव चिकटलेले असतात, दाबले तर पाण्याची पिचकारी उडते. अ‍ॅरिस्टॉटलपासून सगळे त्यांना शिंपल्यांच्या जवळचे समजत होते. १८६६ मध्ये कोवालेव्हस्की या रशियन तरुणाने त्यांची पिल्लं पाहिली. बेडकाच्या पिल्लासारखी पोहतात, शेपटीत पृष्ठरज्जू, पाठीत मज्जानळी! मग एक दिवस खडकाला डोकं चिकटवतात, शेपूट विरघळून जाते आणि उरते ती पिशवी. मोठेपणी नातं सांगणारी जवळजवळ कुठलीच खूण वरून दिसत नाही, फक्त घशातल्या चिरा आत राहतात. २००६ मध्ये जनुकं तपासली तेव्हा तर असं दिसलं की या पिशव्या अँफिऑक्ससपेक्षाही आपल्याला जवळच्या आहेत. माशासारखा दिसणारा लांबचा निघाला आणि खडकाला चिकटलेली पिशवी सख्खी.

ही दोरी तुमच्या-माझ्यातही आहे. ट्रेनिंगच्या दुसऱ्या वर्षी ऑर्थोपेडिक थिएटरमध्ये माझी ड्यूटी होती. सरकलेल्या चकतीचं ऑपरेशन. सर्जननी चिमट्यात पांढरट गराचा तुकडा धरला आणि विचारलं, “सिस्टर, हे काय?” मी पाठ केलेलं उत्तर दिलं, चकतीचा मधला गर. ते म्हणाले, “हा गर्भातल्या पृष्ठरज्जूचा वारसा. मणके आले, दोरी गेली, एवढंच उरलं.” कंबर धरून येणारे आपले सगळे आजी-आजोबा त्या जुन्या दोरीचं दुखणं घेऊन येतात. तसंच गळ्यातल्या थायरॉइडचं. अँफिऑक्ससच्या घशाच्या तळाशी आयोडीन धरणारी एक खोबण असते, तिचंच आपल्यात थायरॉइड झालं. कधीकधी मूल मानेच्या बाजूला बारीक भोक घेऊन जन्मतं, तीही गर्भातल्या त्याच कमानींची खूण.

हे सगळं मी आपल्या इतिहासाच्या पानावर का लिहिते आहे, असं काहींना वाटेल. माझ्या आजीच्या माहेरी एक बाई धुणंभांडी करायला यायची. तीही आपलीच, सब्बाथ पाळणारी, शेमा म्हणणारी, माशाला सुरी उलटी लावणारी. पण ती काळ्या इस्राएलांतली. तिच्या कोणा पणजीच्या आईबद्दल कुणीतरी काहीतरी म्हणालं होतं. तिचं ताट वेगळं, कप वेगळा. गोऱ्या इस्राएलांच्या घरात तिची मुलगी सून म्हणून येणं शक्य नव्हतं. आजी हे अगदी सहज सांगायची, जसं शिंगाळा खात नाहीत हे सांगायची तसं. लहानपणी मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही, आणि हे लिहिताना लाज वाटते.

मग आपण इथे आलो आणि टोपली दुसऱ्याच्या हातात होती. १९६२ मध्ये मुख्य रब्बिनातच्या सूचना निघाल्या की बेने इस्राएल वधूवरांची आईकडून, आजीकडून वंशाची चौकशी करूनच लग्न लावावं. रहाबींना जे एका दुपारी पटलं ते पुन्हा पटवायला आपल्या लोकांना जेरुसलेममध्ये मुलाबाळांसह धरणं धरावं लागलं. १९६४ च्या ऑगस्टमध्ये क्नेसेटने जाहीर केलं की बेने इस्राएल सर्व बाबतीत यहुदी आहेत, आणि त्या सूचनांतून आपलं नाव काढलं गेलं. त्या धरण्यात बसलेल्या काहींच्या घरी मी लहानपणी ऐकलेली गोरी-काळी भाषा अजून चालू होती. दोन्ही गोष्टी आपल्या इतिहासात आहेत, एक सांगून दुसरी झाकता येत नाही.

रहाबींनी खवले मोजले नव्हते, असं मला आता वाटतं. मासा कशेर आहे की नाही हे त्यांना ठाऊकच होतं. ते बायकांचे हात बघत होते. आईने लेकीला, लेकीने नातीला, कुणाही रब्बीशिवाय आणि पुस्तकाशिवाय शिकवलेली एक हालचाल.

गेल्या शुक्रवारी अश्दोदच्या शूकमध्ये बारामुंडी आला होता. नेगेवमध्ये जमिनीखालचं कोमट मचूळ पाणी वर काढून त्यात हा मासा वाढवतात. बारामुंडी म्हणजे आपला जिताडा, तोच ब्लोखचा. मासेवाल्याने तुकडे करताना कातडीचा एक पट्टा तसाच ठेवला, गिऱ्हाइकाला खवले दिसावेत म्हणून. इथे तशी पद्धत आहे. मी म्हटलं, भाऊ, खवले काढू नकोस, मी घरी काढीन. नात बरोबर होती. घरी आल्यावर तिच्या हातात सुरी दिली आणि सांगितलं, बोथट बाजूने, शेपटीकडून डोक्याकडे. अर्ध्या तासाने ओट्यावर, भिंतीवर आणि तिच्या केसांत खवले होते, आणि नारळाच्या दुधातलं कालवण शिजायला टाकायला आम्हाला उशीर झाला होता.